वेल्समधल्या न्यूटाउनला जुन्या गिरण्या आणि कालव्याकाठच्या इमारती काय उरल्यात?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमहून ॲबरिस्टविथला ट्रेनने चाललोय. मध्ये न्यूटाउन लागतं तर तिथे उतरून पुढची गाडी पकडायचा विचार आहे, म्हणजे हातात तीन-चार तास असतील. १९ व्या शतकात या गावाला वेल्सचं लीड्स म्हणायचे एवढा फ्लॅनेलचा (मऊ लोकरी कापडाचा) धंदा होता, आणि माँटगोमेरी कालवा तर थेट गावापर्यंत यायचा. पण मॅपवर बघतो तर गिरणी अशी कुठे दिसतच नाही आणि कालवा गावाच्या आधीच गायब होतो. मला औद्योगिक इमारतींची खूप आवड आहे, त्यामुळे नुसता बाजार बघून परत फिरायचं नाहीये. नेमकं काय उभं आहे तिथे? कुणी गेलंय का? केंब्रियन मिलमध्ये म्युझियम आहे असं कुठेतरी वाचलं, ते खरंय का?

धागादोरा:
मी गेलेय, आणि पहिलं सांगते की गिरणीचं धुराडं शोधत फिरू नका, खिडक्या बघा. न्यूटाउनचा भरभराटीचा काळ हातमागाचा होता, वाफेच्या मागांचा नाही, त्यामुळे इथली गिरणी म्हणजे घराचा वरचा मजला. लाँग ब्रिज ओलांडून सेव्हर्नच्या पलीकडे पेनीग्लोद्वा भागात जा (पूल १८२७ चा आहे, तोही नीट बघा), तिथे कमर्शियल स्ट्रीटवर ५ ते ७ नंबरला टेक्स्टाइल म्युझियम आहे. १८३० च्या दशकातली विटांची चार मजली इमारत. खालच्या दोन मजल्यांवर सहा छोटी घरं, तीन रस्त्याकडे तोंड केलेली आणि तीन मागच्या बाजूला, पाठीला पाठ लावून, म्हणजे कुठल्याच घराला मागचं दार नाही की आरपार हवा नाही. आणि त्यांच्या डोक्यावर दोन मजले सलग मोकळे, मध्ये भिंतच नाही, तिथे मागांच्या रांगा. वर जायला जिना मागून बाहेरून, खालच्या घरांशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे खाली जी कुटुंबं राहायची त्यांच्या छतावर दिवसभर मागांची खडखड चालायची आणि त्यांना वर जायचीही सोय नव्हती, हे तिथे उभं राहिलं की अंगावर येतं. दिव्याच्या उजेडात विणकाम अवघड, म्हणून वरच्या खिडक्या एकाला एक लागून. एकदा ही खूण कळली की त्याच भागातल्या दुसऱ्या घरांचीही वरची खिडक्यांची रांग लगेच ओळखू येते, काही ठिकाणी मधल्या खिडक्या विटांनी बुजवल्यात पण कमानी दिसतात.

म्युझियम बारा महिने उघडं नसतं, उन्हाळ्याच्या सीझनमध्ये ठरावीक दिवशीच, निघायच्या आधी नक्की बघून घ्या. बंद असलं तरी बाहेरून बघण्यासारखं भरपूर आहे.

बंधारा:
कालव्याचं मी सांगतो कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. कालवा न्यूटाउनला पोचला १८१९ मध्ये. आधीचा टप्पा मुख्यतः चुन्यासाठी होता, लानीमनेखच्या खाणीतला चुनखडक आणायचा, कोळसा आणायचा, काठावरच्या भट्ट्यांत चुना भाजायचा आणि शेतात टाकायचा. न्यूटाउनला पोचल्यावर फ्लॅनेलवाल्यांची मोठी सोय झाली. पण खरं सांगायचं तर धक्क्याचं तुम्हाला जवळजवळ काही दिसणार नाही. बेसिन बुजवलंय, त्या भागात आता कॅनाल रोड हे नाव उरलंय आणि पाण्याचा थेंब नाही. १९३६ मध्ये खूप खाली, फ्रँक्टनजवळ, पेरी नदीवरच्या जलसेतूपाशी कालव्याचा काठ फुटला, रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता तो, त्यांनी दुरुस्त केलाच नाही आणि १९४४ च्या कायद्याने तो अधिकृतपणे सोडून दिला. म्हणजे जवळजवळ ३५ मैलांचा कालवा एका फुटलेल्या काठामुळे मेला. मला याचा अजून राग येतो.

तरी वेळ असेल तर गावातून खाली टो-पाथने (कालव्याकाठच्या जुन्या पायवाटेने) पेनार्थच्या बंधाऱ्यापर्यंत चालत जा. सेव्हर्नचं पाणी तिथून कालव्यात सोडतात, आजही, तेच पाणी पुढे कालव्याला मिळतं. आणि कालव्याकाठची खरी वखार बघायची असेल तर न्यूटाउनच्या आधी वेल्शपूलला उतरा, याच लाइनवर आहे. तिथे धक्क्यावरच्या जुन्या वखारीत पोविसलँड म्युझियम आणलं होतं, आणि मुख्य म्हणजे कालव्यात पाणी आहे. १९६९ मध्ये तिथल्या कालव्याच्या पट्ट्यातून बायपास न्यायचं ठरत होतं तेव्हा लोकांनी फावडी घेऊन तो गाळ उपसला, आणि आजच्या जीर्णोद्धाराची सुरुवात तिथूनच झाली. त्या लोकांचे उपकारच मानायला हवेत.

जुनीवीट:
केंब्रियन मिलचा घोळ सोडवतो, यात बरेच जण फसतात. तुम्ही वाचलेलं म्युझियम खरं आहे पण ते न्यूटाउनला नाही. राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे द्रे-वाख वेलिंद्रेला, पश्चिम वेल्समध्ये, कार्मार्थनशायरमध्ये, आणि तिथल्या गिरणीचंही नाव केंब्रियन मिल्स. न्यूटाउनची केंब्रियन मिल वेगळी, वाफेवर चालणारी, वेल्समधली सगळ्यात मोठी फ्लॅनेल गिरणी, ती २० व्या शतकाच्या सुरुवातीला आगीत गेली आणि परत उभीच राहिली नाही. म्हणूनच मॅपवर गिरणी दिसत नाही. तोवर धंदाही बसला होता, इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या यंत्रमागांवरचं फ्लॅनेल स्वस्तात यायचं, त्याच्यापुढे हातमागाचा टिकाव लागेना.

उरली ती वखार. स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या समोर दिसेल, लाल विटांची अवाढव्य, रॉयल वेल्श वेअरहाउस, १८७९ ची. प्राइस प्राइस-जोन्स नावाच्या कापड दुकानदाराने रेल्वे आल्यावर टपालाने ऑर्डर घेऊन माल पाठवायला सुरुवात केली, आज जे आपण मोबाईलवरून मागवतो त्या धंद्याच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी तो एक. व्हिक्टोरिया राणी आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच्या गिऱ्हाईक होत्या, आणि १८७६ मध्ये त्याने युक्लिसिया नावाच्या रगचं पेटंट घेतलं, स्लीपिंग बॅगचा पूर्वज म्हणतात त्याला, रशियन सैन्यानेही घेतले होते. इमारत जबरदस्त आहे, फोटो काढाच. फक्त तिथेच थांबू नका, कारण ती माल विकणाऱ्याची इमारत आहे. ज्यांनी विणलं त्यांची पेनीग्लोद्वालाच आहे.

रानवाटा:
बापरे, एवढं कुठल्याच साइटवर एका जागी मिळालं नव्हतं, मनापासून आभार! दोन केंब्रियन मिल आहेत हे तर अजिबातच माहीत नव्हतं. एक शंका, फ्लॅनेल विकायचे कुठे? त्याची काही इमारत?

धागादोरा:
आधी विणकरांना वेल्शपूलच्या बाजारात न्यावं लागायचं. मग न्यूटाउनने स्वतःचं फ्लॅनेल एक्स्चेंज बांधलं, १८३० च्या दशकातच, आणि ती इमारत आहे, नंतर तिचं थिएटर झालं. गावात मध्यभागीच आहे, पुलाकडे जाताना बघता येईल. आणि सहकारी चळवळीचा प्रणेता रॉबर्ट ओवेन याची कबर चुकवू नका, सेव्हर्नच्या काठी जुन्या सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे. त्याचा जन्म इथलाच १७७१ चा, आयुष्यभर गिरणी कामगारांसाठी झटला आणि १८५८ मध्ये मरायला परत इथेच आला. सहकारी चळवळीतल्या लोकांनी १९०२ मध्ये कबरीभोवती लोखंडी जाळी बसवलीय.

बंधारा:
चार तासांत वखार, एक्स्चेंज, कबर, पूल, कमर्शियल स्ट्रीट एवढं आरामात होतं, सगळं चालत. पेनार्थ धरलंत तर घाई होईल. त्या लाइनवर गाड्या फार वारंवार नसतात, एक चुकली की बसून राहावं लागतं, म्हणून परतीची वेळ आधी ठरवा आणि मग बंधाऱ्याचा निर्णय घ्या. पाऊस पडून गेला असेल तर टो-पाथवर चिखल असतो, बूट चांगले घाला.