दारूबंदी आणि सक्तीचं शिक्षण एकाच तागडीत?

"पोलीस, न्यायालय आणि सैन्य सोडून सरकारने कशातच नाक खुपसू नये" असं काही जण मांडतात; हे मत दारूबंदीपुरतं मला शंभर टक्के मान्य आहे. आम्ही बडोद्याचे आणि गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे हा विषय घरातलाच. आमच्या काकांनी आरोग्याच्या कारणावर दारूचं परमिट काढलं तेव्हा वयाचा दाखला, आयकराचे कागद आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र अशी फाईलच बांधावी लागली. धडधाकट माणसाने संध्याकाळी काय प्यावं, यासाठी त्याने स्वतःला आजारी ठरवून घ्यायचं! (ज्यांना प्यायची ते फाईलबिईलच्या भानगडीत पडत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.)

पण त्यांचंच "सक्तीने कधीच कुणाचं भलं झालं नाही" हे म्हणणं पटत नाही. बडोदा संस्थानच्या महाराज सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोरं शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंडही होता. आमची पणजी त्यामुळेच लिहायला शिकली, तिच्या वडिलांची मुळीच इच्छा नव्हती. आता इथे स्वातंत्र्य कुणाचं मोजायचं, बापाचं की मुलीचं? गंमत म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्येच 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात दारूबंदीला कडाडून विरोध केला आणि त्याच पुस्तकात मुलांच्या शिक्षणाची सक्ती मात्र उचलून धरली, अगदी बापाला दंड करण्यापर्यंत. फक्त शाळा सरकारनेच चालवाव्यात, हे त्याला मंजूर नव्हतं. सयाजीरावांशी त्याचं भांडण झालं असतं ते तिथे.