घणसोलीतून मुलगा बेपत्ता. पोलिसांनी केवळ ‘मिसिंग’ नोंदवले आहे

घणसोलीची आई:
नमस्कार. माझा मुलगा अकरावीत आहे. सोळा पूर्ण होऊन त्याला सतरावे लागले आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी क्लासला जातो म्हणून तो घरातून निघाला, तो अद्याप परतलेला नाही. त्या दिवशी तो क्लासला पोहोचलाच नव्हता, हे सरांकडून रात्री कळले. त्याचा मोबाइल तेव्हापासून बंद आहे, कपडे त्याने नेलेले नाहीत आणि घरात वाद म्हणावा असे काही घडले नव्हते.

आम्ही त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो. (नाव देत नाही, कारण रोज त्यांच्याच दारात उभे राहायचे आहे.) त्यांनी मिसिंगची नोंद करून फोटो ठेवून घेतला आणि या वयाची मुले पैसे संपले की परत येतात, असे सांगितले. अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याची विनंती केली, तेव्हा मुलगा सोळा वर्षांवरचा असल्यामुळे ते कलम लागत नाही, असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का? यजमान फोटो घेऊन वाशीपासून ठाण्यापर्यंतची स्थानके पालथी घालत आहेत. आमच्या नंबरसह त्याचा फोटो सर्व ग्रुपवर पाठवावा, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. तसे करावे का?

ठाण्यातील वकील:
ताई, आपल्याला मिळालेले उत्तर जुन्या कायद्यातले आहे. भारतीय दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून मुलाला नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलग्याची वयोमर्यादा सोळा आणि मुलीची अठरा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 137 मध्ये मुलगा-मुलगी हा भेद उरला नाही; अठरा वर्षांखालील कोणीही या कलमाखाली बालकच आहे. याखेरीज, सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर 10 मे 2013 रोजी दिलेल्या आदेशानुसार बालक हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवणे आवश्यक आहे आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असे गृहीत धरूनच तपास करायचा आहे. मुलगा स्वतःहून गेला असेल, हे अनुमान पोलिसांनी तपासाच्या शेवटी मांडायचे असते, गुन्हा न नोंदवण्यासाठी नव्हे.

उद्या दोन प्रतींत लेखी तक्रार न्या, जन्मदाखल्याची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ठाणे अंमलदारांनी नकार दिल्यास वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. तेथेही काम झाले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 173(4) नुसार तीच तक्रार टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हा आग्रह केवळ कागदासाठी नाही. गुन्हा क्रमांक पडला की तपासी अंमलदार नेमला जातो आणि मोबाइल कंपनी, रेल्वे व इतर जिल्ह्यांची पोलीस ठाणी यांच्याशी त्याला अधिकृत पत्रव्यवहार करता येतो.

निवृत्त लोहमार्ग पोलीस, कल्याण:
वकीलसाहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. घणसोली नवी मुंबई आयुक्तालयात येते, ठाणे शहर वेगळ्या आयुक्तालयात, आणि रेल्वेची हद्द तिसऱ्याच, म्हणजे मुंबई लोहमार्ग पोलिसांकडे असते. मुलगा मात्र अर्ध्या तासात तिन्ही हद्दी ओलांडतो. त्यामुळे एका ठिकाणी दिलेला फोटो दुसरीकडे आपोआप पोहोचला असेल, असे समजू नका. ठाणे, वाशी, पनवेल आणि कल्याण येथील लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल या दोघांनाही स्वतः भेटा.

सर्वांत घाई सीसीटीव्हीची करा. जुन्या चित्रणावर नवे चढत राहते. आपली सोसायटी, क्लासकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दुकाने आणि घणसोली स्थानक, या क्रमाने पाहा. दुकानदार सहसा माणुसकीने दाखवतात, पण रेल्वेला पोलिसांचे पत्र लागते. मोबाइलचा खोका सापडला तर त्यावरचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक तपासी अंमलदारांना द्या, कारण दुसरे सिमकार्ड टाकले तरी तो क्रमांक तोच राहतो.

स्थानकावर एकटे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते आणि तेथून ते बालगृहात जाते. अशी मुले पुष्कळदा नाव आणि गाव खोटे सांगतात, त्यामुळे नावावरून विचारणा करून भागत नाही; फोटो, उंची आणि अंगावरची खूण दाखवावी लागते. ठाणे जिल्ह्याच्या समितीबरोबरच मुंबईतील डोंगरी आणि मानखुर्द येथील बालगृहांतही जाऊन या. 1098 (बालकांसाठीची हेल्पलाइन) आणि 112 वर नोंद करा आणि हरवलेल्या मुलांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी मिशन वात्सल्य पोर्टलवर फोटो चढला आहे का, हे पोलिसांकडून डोळ्यांनी पाहून घ्या.

ऐरोलीतील एक पालक:
ताई, माझी मुलगी काही वर्षांपूर्वी बेपत्ता झाली होती आणि सुदैवाने सापडली, म्हणून ग्रुपविषयी लिहितो. फोटो अवश्य पाठवा, परंतु संपर्कासाठी पोलीस ठाण्याचा नंबर द्या. आम्ही स्वतःचा दिला होता. मुलगी आमच्याजवळ आहे, आधी पैसे पाठवा, असे फोन येऊ लागले आणि पत्नीची अवस्था आणखी बिकट झाली. असा फोन आल्यास मुलालाच ठाऊक असेल असे काहीतरी विचारा आणि नंबर पोलिसांना द्या. अंगावरची एखादी खूण जाहिरातीत मुद्दाम छापू नका. ती खरेखोटे पडताळण्यासाठी राखून ठेवा.

घणसोलीची आई:
सर्वांची आभारी आहे. गुन्हा आज नोंदवून घेतला. पोलिसांसोबत चित्रण पाहिले असता ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर तो ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून एकटाच उतरताना आणि पुलावर चढताना दिसतो. पुढे गर्दीत तो सापडत नाही. आता कोठे पाहावे?

निवृत्त लोहमार्ग पोलीस, कल्याण:
एकटा आहे, हे कळणेही मोठे आहे. पुलावरून तो सॅटिसकडे (स्थानकाबाहेरच्या बसच्या उन्नत मार्गाकडे), म्हणजे शहरात उतरला की मुख्य मार्गाच्या फलाटावर गेला, हे प्रथम ठरवा. प्रत्येक जिन्याचे चित्रण त्या वेळेपासून पुढचा तासभर पाहायला सांगा. जिन्यांवर तो दिसला नाही, तरी कल्याण सोडू नका, कारण तेथे मार्ग फुटतो: एक कसारा, इगतपुरी, नाशिककडे आणि दुसरा कर्जत, लोणावळा, पुण्याकडे. दोन्ही मार्गांवरच्या लोहमार्ग ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवण्याची विनंती तपासी अंमलदारांना करा आणि स्थानकांबाहेरची हॉटेले, ढाबे, केटरिंगवाले पाहायलाही सांगा. या वयाच्या मुलाला तेथे काही न विचारता काम मिळते. कल्याणसाठीचे पत्र हाती आले की यजमानांना सकाळच्या पाळीत पाठवा आणि येथे आधी कळवा, मी फलाट एकवर येऊन थांबतो.