परराज्यातल्यांना जास्त फी: कोर्टाचं म्हणणं

अमेरिकेत बाहेरच्या राज्यातल्यांकडून मासेमारीच्या लायसन्सचे जास्त पैसे घेणं घटनाबाह्य आहे, असं काही जण म्हणतात. तसं नाही. साउथ कॅरोलायना राज्य कोलंबीच्या बोटीमागे स्थानिकांना २५ डॉलर आणि परराज्यातल्यांना २,५०० लावायचं. ते सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये रद्द केलं, कारण तो पोटाचा धंदा होता. पण १९७८ मध्ये मोंटाना राज्याची एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीची चढी फी कोर्टाने मान्य केली, कारण ती हौस. हौसेने गळ टाकणारे आपणही त्यातच बसतो. मला हे पटतं. शिवाय केंद्राचं अनुदान हवं असेल तर राज्याला लायसन्सचा पैसा मत्स्य-वन्यजीव खात्याबाहेर वळवता येत नाही, म्हणजे तो मासे-वन्यजीवांच्या कामालाच जातो.

यलोस्टोन नॅशनल पार्कात मासेमारीला जाणाऱ्यांनी मात्र पार्कचाच परवाना काढावा, राज्याचं लायसन्स तिथे चालत नाही.