नाताळच्या दुपारची गाणी सुचवा (बर्फ नको!)

केतकी_मेलबर्न

इथे नोव्हेंबर लागला की सुपरमार्केटात घंटा किणकिणायला लागतात. बाहेर पस्तीस डिग्री, मी घामाघूम होऊन कलिंगडं टिचकी मारून बघतेय, आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून कुणीतरी बर्फ पडू दे, बर्फ पडू दे म्हणून आळवतंय. वैताग.

यंदा पंचवीस तारखेचं जेवण आमच्याकडे आहे. शेजारचं आयरिश जोडपं, नवऱ्याच्या ऑफिसातली इथे कुणीच नसलेली दोघं-तिघं, माझा भाऊ-वहिनी, मुलं आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. बार्बेक्यूवर कोळंबी, शेजारीण पाव्हलोवा (मेरिंगचा, वर फळं घातलेला केक) आणणार, सासूबाईंनी पुरणपोळी परस्पर जाहीर केलीय. मागच्या अंगणात दोन-तीन तास वाजेल अशी माझी स्वतःची प्लेलिस्ट करायचीय.

अटी: बर्फ, स्लेज, रेनडियर काही नको. व्हॅमचं १९८४ चं 'लास्ट ख्रिसमस' आणि मराया कॅरीचं १९९४ चं 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' नको. गाणी वाईट नाहीत, दुकानदारांनी त्यांचं मातेरं केलंय. इंग्रजीच हवं असं नाही. आम्ही कुणी ख्रिस्ती नाही, पण ज्यांचा सण त्यांचं एकही भक्तिगीत नसावं हेही बरं दिसत नाही.

आत्तापर्यंत एकच गाणं पक्कं आहे, पॉल केलीचं १९९६ चं 'हाऊ टू मेक ग्रेव्ही'. इथल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: जो नावाचा माणूस २१ डिसेंबरला तुरुंगातून भावाला पत्र लिहितो. कोण कोण येणार, ऊन किती तापणार, आणि मी नाही तर यंदा ग्रेव्ही कोण करणार? मग चक्क कृती सांगतो. मैदा, मीठ, थोडी रेड वाइन आणि वर टोमॅटो सॉस. गाण्याला ध्रुवपदच नाही, पत्र नुसतं पुढे पुढे जातं. इथे २१ डिसेंबरला लोक 'ग्रेव्ही डे' म्हणतात. भारतात फोन लावायच्या आधी मी ते ऐकत नाही, आवाज नीट निघत नाही मग.

बंड्या_ठाणे

द किंक्सचं १९७७ चं 'फादर ख्रिसमस' घ्या. गरीब पोरं दुकानातल्या सँटाला धरून बदडतात: खेळणी नकोत, पैसे काढ, आणि बापाला नोकरी दे. रन-डीएमसीचं 'ख्रिसमस इन हॉलिस' (१९८७) पण घ्या, आईच्या हातच्या जेवणाचं वर्णन आहे त्यात. पंक रॉकवाले रामोन्स तर हवेतच. बाकी पुरणपोळीचं पार्सल ठाण्याला पाठवा.

जुनी_तबकडी

केतकीताई, आधी तुमच्या वैतागाबद्दल. ते बर्फ पडू दे वालं गाणं सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी जुलै १९४५ मध्ये हॉलिवूडमध्ये लिहिलं, उष्णतेची लाट चालू असताना. शेगडीवर चेस्टनट भाजणारं 'द ख्रिसमस साँग'सुद्धा त्याच उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियातच जन्मलं. आणि 'व्हाइट ख्रिसमस'च्या सुरुवातीला अर्व्हिंग बर्लिनने एक कडवं लिहिलं होतं: लॉस एंजेलिस, लख्ख ऊन, संत्र्याची आणि ताडाची झाडं, तारीख चोवीस डिसेंबर, आणि आपल्याला उत्तरेत असायला हवं होतं. बहुतेक गायक ते गाळतात. १९६३ च्या, निर्माता फिल स्पेक्टरच्या अल्बममध्ये डार्लीन लव्हने ते मध्येच बोलून दाखवलंय. तेवढं ऐका आणि मग सांगा हे गाणं बर्फाचं आहे की तुमचं. घामाघूम माणसांनीच ही गाणी लिहिली हो. जोनी मिचेलचं 'रिव्हर' (१९७१) त्यातलंच: इथे बर्फ पडत नाही, सगळं हिरवंगार राहतं, म्हणून गोठलेली नदी हवी, तिच्यावरून घसरत निघून जायला. पियानोत 'जिंगल बेल्स' उदास होऊन येतं.

तेव्हा अट थोडी सैल करा. बर्फाची जाहिरात करणारं नको, बर्फाची आठवण काढणारं चालेल. या हिशेबात माझं सगळ्यात लाडकं म्हणजे लो या बँडचं 'जस्ट लाइक ख्रिसमस' (१९९९). बँड डुलुथ, मिनेसोटाचा, म्हणजे थंडी कशाशी खातात हे पुरतं ठाऊक असलेली माणसं. स्टॉकहोमहून निघाल्यावर बर्फ पडायला लागतो, एक जण म्हणतो अगदी ख्रिसमससारखं, दुसऱ्याला ते मुळीच पटत नाही. पुढे ऑस्लोला बर्फ संपलेला, रस्ता चुकलेला, पलंग अरुंद, आणि तेव्हा मात्र ख्रिसमस वाटतो. गाणारी मिमी पार्कर २०२२ मध्ये गेली.

पाहुणे येत असताना शब्द नकोत. ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी १९६० मध्ये चायकोव्स्कीच्या 'नटक्रॅकर' या बॅलेचं संगीत जॅझमध्ये बसवलं, ते लावा. मूळ साखरपरी सेलेस्टा या घंटांसारख्या नाजूक किणकिणणाऱ्या वाद्यावर नाचते. यांच्याकडे ती टेनर सॅक्सोफोनवर आळसावून येते, नाव 'शुगर रम चेरी'.

जेवताना उन्हाळ्यातला नाताळ: आरिएल रामीरेसचं 'नाविदाद नुएस्त्रा' (१९६४), अर्जेंटिनातल्या लोकतालांवर. आता त्यातही योसेफ आणि मरिया गोठलेल्या माळरानातून काटे तुडवत जातात, त्याला इलाज नाही! जेवणानंतर पोर्तो रिकन पद्धतीचा अल्बम 'आसाल्तो नाविदेन्यो'. विली कोलोनचा ट्रॉम्बोन, हेक्तर लाव्होचा गळा आणि योमो तोरोचा क्वात्रो (तिथली छोटी गिटार). सासूबाईही टाळ्या वाजवतील.

बंड्या, रागावू नकोस, पण विनोदी गाणं एकदाच लागू पडतं. किंक्स राहू दे, त्यात खरा राग आहे. रामोन्सला जेवणाच्या टेबलापाशी बसवू नये.

केतकी_मेलबर्न

'लो' आत्ता ऐकलं, तीनदा. अट सैल! पण आयरिश शेजारी द पोग्सचं 'फेअरीटेल ऑफ न्यू यॉर्क' मागणारच. त्यातल्या शिव्या माझ्या मोठ्या मुलीला कळतात.

जुनी_तबकडी

बीबीसी रेडिओ वनने २०२० मध्ये काही शब्द बदललेलीच आवृत्ती वाजवली होती, त्यावरून भांडणं झाली. तुम्ही मूळच लावा, पण मुलं आत आइसक्रीमला गेली की. ते गाणाऱ्या शेन मॅगोवनचा जन्मच २५ डिसेंबरचा (१९५७), आयरिश माणसाला त्या दिवशी नाही कसं म्हणणार?

वसईचा_डॉमनिक

भक्तिगीताचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या वसईत मध्यरात्रीच्या मिस्सेला मराठी नाताळगीतं असतात, ढोलकी-पेटीवर. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर महाराष्ट्रभर चर्चमधून गायली जातात. पण तुमच्या घरी सातारकर आजी आहेत, मग स्पीकर कशाला? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने अख्खं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचलं, १६१६ मध्ये छापलंही. त्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे 'दुसऱ्या पुराणात', येशूजन्म आहे. त्यातल्या ओव्या मोठ्या अक्षरात काढून द्या. जात्यावरची नाही तर पोथीची, चाल त्यांना येतच असेल.

केतकी_मेलबर्न

विचारलं. "इंग्रजानं लिहिलीय? दाखव बरं," म्हणाल्या आणि चष्मा मागितला. दोन शब्दांवर अडल्या, बाकी चालीत म्हणून टाकलं. पंचवीसला म्हणणार आहेत, एलिंग्टनच्या आधी. अट त्यांचीही एक आहे: तेवढा वेळ बार्बेक्यू बंद.