गोमटा, गोरागोमटा आणि लावण्य : रूपाच्या शब्दांविषयी

प्रश्न

भाचीच्या लग्नासाठी परिचयपत्र लिहितोय. आमची आई म्हणते, ‘गोरीगोमटी’ लिही. मुलगी सावळी आहे, चेहरा फार गोड आहे. नुसतं ‘गोमटी’ लिहिलं तर चालेल का? की ‘भाकरीबिकरी’तल्या ‘बिकरी’सारखं ‘गोमटी’ला एकटीला काही अर्थच नाही?

प्रतिसाद

अर्थ आहे दादा, आणि त्या अर्थात रंग कुठेच नाही. जुन्या मराठीत गोमटे म्हणजे चांगले, बरवे, हिताचे. आणि दिसायला सुंदर, तेही गोमटेच. ज्ञानेश्वरीत हा शब्द भेटतो. शिवकाळातल्या पत्रांत एखाद्याचे ‘गोमटे करणे’ म्हणजे त्याचे भले करणे. तिथे कुणाच्या कातडीचा संबंध नाही.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचं नाव तर सगळ्यांना ठाऊक आहे. गंगराजांचा मंत्री चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस जैन तपस्वी बाहुबलींची ती मूर्ती करवली. पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठी ओळ आहे. मूर्तीचं नाव ‘गोमट’ कसं पडलं यावर विद्वानांत मतभेद आहेत. मन्मथ, म्हणजे मदन, या शब्दाचं प्राकृत रूप बदलत बदलत ‘गोम्मट’ झालं, असं कन्नड कवी-संशोधक गोविंद पै यांचं म्हणणं. प्राकृत आणि जैन साहित्याचे मोठे अभ्यासक आ. ने. उपाध्ये यांनी मात्र त्याचा संबंध आपल्या ‘गोमटा’शी जोडला. गोमट हे चामुंडरायाचंच लाडकं नाव होतं, आणि त्याचा ईश्वर तो गोमटेश्वर. मला उपाध्यांचं म्हणणं पटतं. आणि मन्मथ धरला तरी आपण रूपापाशीच येऊन पोचतो.

त्या मूर्तीसमोर उभं राहून ‘गोमटा’ हा शब्द एकदा मनात म्हणून पाहा. सुमारे ५७ फुटांची उंची, रुंद खांदे, डोक्यावर लहान लहान कुरळ्या केसांची वळणं, पायांवरून दंडांपर्यंत चढलेल्या वेली, मांड्यांजवळ वारुळं, आणि ओठांवर इतकं पुसट हसू की आहे की नाही ते ठरवता येत नाही. देह सुंदर आहे आणि त्या देहाची ओढ संपलेली आहे, हे दोन्ही एकाच दगडात दिसतं. चांगला आणि सुंदर असे दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्दच तिथे शोभतो.

हे दोन अर्थ एकाच शब्दात राहतात, त्याला माणसाच्या मनाचंही कारण आहे. १९७२ साली अमेरिकेत कॅरन डायन, एलन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलामुलींना अनोळखी लोकांचे फोटो दाखवले आणि ही माणसं स्वभावाने कशी असतील ते विचारलं. दिसायला सुंदर असलेल्यांच्या पदरात चांगला स्वभाव, चांगली नोकरी, सुखाचा संसार असं जवळजवळ सगळं टाकलं गेलं. फक्त ते आईबाप म्हणून अधिक चांगले असतील, असं काही कुणाला वाटलं नाही. म्हणजे सुंदर दिसलं की चांगलं वाटणं ही ओढ आपल्या सगळ्यांत आहे. आपल्याकडे ‘दिसायला चांगली आहे’ असं रोज म्हणतात, त्यातही तेच आहे.

आता या ‘गोमटा’च्या शेजारी ‘गोरा’ बसवा. दोन्हींची सुरुवात ‘गो’ने, तोंडात छान बसणारी जोडी. पण जोडी इतकी घट्ट झाली की एकाचा अर्थ दुसऱ्यात उतरला. गोरा तो गोमटा, गोमटा तो चांगला, अशी साखळी लागली, आणि ती लावायला कुणाला वाद घालावा लागला नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : नुसतं ‘गोमटी’ लिहिणं भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, पण आज वाचणारा मनातल्या मनात ‘गोरी’ जोडून घेईल आणि भेटीच्या वेळी मुलीला त्याची नजर सोसावी लागेल. त्यापेक्षा ‘नाकीडोळी नीटस, हसऱ्या चेहऱ्याची’ लिहा. हे खरंही आहे आणि ऐकायलाही गोड आहे.

प्रतिसाद

आमच्या अकोल्याकडे ‘साजरं’ हा शब्द नेमका असाच आहे. पोरगी साजरी, लुगडं साजरं, भाजी साजरी झाली, आणि कुणी मदत केली तर ‘साजरं केलं बाप्पा’. सावळ्या पोरीलाही आजी बिनदिक्कत साजरी म्हणते. ‘गोरीसाजरी’ अशी जोडी मी तरी ऐकली नाही.

प्रतिसाद

चर्चा छान आहे, पण जुनं ते सगळं निर्मळ होतं असं चित्र नको. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला सहावा समास काढा. ‘रूप लावण्य अभ्यासितां न ये’ अशी सुरुवात आहे. जन्मासोबत आलेल्या गोष्टी बदलत नाहीत, तेव्हा शिकून मिळवता येतात ते गुण मिळवा, असा एकूण उपदेश. उपदेश चांगलाच आहे. पण पुढच्याच ओवीत न बदलणाऱ्या गोष्टींची उदाहरणं येतात, त्यात ‘काळें माणुस गोरें होयेना’ आणि ‘मुक्यास वाचा फुटेना’ शेजारी शेजारी आहेत. काळेपण हे उणेपण, हे सतराव्या शतकात ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. इंग्रजांवर किंवा क्रीमच्या कंपन्यांवर सगळा भार टाकून मोकळं होता येणार नाही.

शिवाय गोऱ्यांना नावं ठेवणारे शब्दही आहेत. पांढरी फटक, पांढरी पाल.

प्रतिसाद

काका, दासबोधाचा दाखला अगदी मोलाचा आहे आणि तुमचा मुद्दा मान्य. पण ‘पांढरी फटक’ने तराजू समतोल होत नाही. तो शब्द गोरेपणाला लागत नाही, त्यात तजेला नसेल तर लागतो. ‘गोरी’ हा शब्द त्यातून अलगद वाचवलेला आहे. नावं ठेवायची वेळ आली की आपण ‘पांढरी’ म्हणतो.

मला वाटतं, आपली नजर घडते ती मोठ्या विशेषणांपेक्षा त्यांच्या आजूबाजूच्या बारक्या शब्दांनी. ‘काळा’ हाच शब्द घ्या. केस आणि डोळे असले की काळेभोर. जमीन असली की काळीशार. तोच रंग माणसाच्या अंगावर आला की काळाकुट्ट, काळाकुळकुळीत. ‘काळीभोर मुलगी’ असं कौतुकाने कोण म्हणतं? भोर आपण केसांपर्यंतच ठेवला, कपाळावर उतरू दिला नाही. उलट ‘गोरी’ला ‘पान’ मिळालं, ‘लख्ख’ मिळालं.

मग ‘निमगोरा’. हे ‘निम’ म्हणजे फारसीतलं नीम, अर्धा. निमसरकारी, निमशहरी यांतलं. म्हणजे मोजपट्टीचं टोक गोरं आणि बाकीचे त्याच्यापासून किती लांब ते सांगायचं. ‘निमकाळा’ हा शब्द मराठीत नाही. ‘गव्हाळ’ही लक्ष देऊन पाहण्यासारखा. महाराष्ट्राचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरी खाणारा, गहू सणासुदीचा. तरी बरा रंग सांगायला धान्य निवडलं ते गहू.

आणि या सगळ्यांत बारका शब्द ‘पण’. ‘सावळी आहे पण नाकीडोळी नीटस.’ ‘काळी आहे पण तरतरीत.’ या वाक्यांत दोष कुणी उच्चारलेला नाही, तरी ‘पण’ आला की दोष होता हे दोघांनाही कळतं. पंढरपूरच्या सावळ्या रूपाचे अभंग तोंडपाठ असलेल्या घरांतही मुलीबद्दल बोलताना हा ‘पण’ येतो, याचं मला फार वाईट वाटतं. परिचयपत्रातला ‘वर्ण’ हा रकाना गेला तरी ‘पण’ जाईलच असं नाही. १९७५ पासून विकली जाणारी ‘फेअर अँड लव्हली’ २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाली, पण दुकानात ‘रंग उजळायचं क्रीम द्या’ हे वाक्य तसंच आहे. आणि ‘उजळ’ तर आपण कलंक नसलेल्या माथ्यालाही म्हणतो.

आता ‘लावण्य’. समर्थांनी रूप आणि लावण्य असे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत आणि ते एकाच अर्थाचे नाहीत. लावण्य लवणापासून, म्हणजे मिठापासून. हिंदीतला ‘सलोना’ही तसाच, सलवण, मीठ असलेला, आणि तिथे त्याची जोडी ‘साँवला’शी जमते, साँवला-सलोना. चेहऱ्याचं सौंदर्य रेघांत असतं की आणखी कशात, हा प्रश्न नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात फार नेमका मांडला. काव्यातला सुचवलेला अर्थ शब्दांपेक्षा वेगळा कसा असतो ते सांगताना तो म्हणतो, ‘यत्तत् प्रसिद्धावयवातिरिक्तं विभाति लावण्यमिवाङ्गनासु’. नाक, डोळे, ओठ या ठाऊक असलेल्या अवयवांहून निराळं असं जे स्त्रीच्या ठायी झळकतं, ते लावण्य. म्हणजे अवयवांची यादी संपली तरी ते यादीत सापडत नाही.

आपले दोन प्रकारचे शब्द इथे वेगळे होतात. रेखीव, नीटस, बेताचं नाक, बेताची जिवणी हे अवयवांचे शब्द. १९९० साली जूडिथ लँग्लॉइस आणि लोरी रॉगमन यांनी बरेच चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळून सरासरी चेहरे तयार केले. पाहणाऱ्यांना ते बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा अधिक आकर्षक वाटले. आपला ‘बेताचा’ हा शब्द तेच सांगतो : फार नाही, कमी नाही. पण सरासरीने नीटसपणा समजतो, लावण्य समजत नाही. ते पाहणाऱ्याशिवाय पुरं होत नाही, जसं मीठ जिभेशिवाय कळत नाही. ‘नावडतीचं मीठ अळणी’ ही म्हण आपण स्वयंपाकाविषयी समजतो, पण ती मला रूपाविषयीचीही वाटते. मीठ तेवढंच पडलेलं असतं, चव घेणाऱ्याचं मन आधी ठरलेलं असतं.

अकोल्याच्या ताईंनी ‘साजरं’ सांगितलं, गोव्याकडे कोकणीत ‘सोबीत’ आहे, शोभण्यातून आलेला. तोही रंगाच्या वाटेला जात नाही. खानदेशात, मराठवाड्यात, बेळगावकडे, तंजावरच्या मराठी घरांत अशा अर्थाचे कोणते शब्द आहेत ते सांगावेत. विशेषतः पुरुषांसाठीचे. ‘राजबिंडा’, ‘रुबाबदार’, ‘देखणा’ यांपलीकडे माझ्या हाती फार काही लागलेलं नाही, आणि ‘देखणा’ला कधी ‘सावळा पण’ जोडलेलं ऐकलं असेल तर तेही लिहा.