मदत हवी आहे: कॅरिअर लँडिंगला शेवटच्या ५ सेकंदात बॉल सुटतोय

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला असतो, डीसीएस या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एफ-१८ हॉर्नेट हे लढाऊ विमान उडवतो. दीड महिना रोज रात्री जेवण झालं की फक्त केस वनचा, म्हणजे दिवसा स्वच्छ हवेत विमानवाहू जहाजावर उतरायच्या पद्धतीचा सराव चाललाय. ८०० फुटांवर ३५० नॉट्सने जहाजाच्या उजवीकडून जाणं, ब्रेक (जोरात डावीकडे वळण), मग डाउनविंडला (जहाजाच्या उलट दिशेने जाताना) ६०० फूट, ८.१ अल्फाला (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) ट्रिम, इथपर्यंत आता सगळं जमतं. पण ग्रूव्हमध्ये (डेककडे जाणाऱ्या शेवटच्या सरळ टप्प्यात) आलो की बॉल (आपण बरोबर उंचीवर आहोत का ते दाखवणारा जहाजावरचा दिवा) मधोमध असतो आणि डेकजवळ अचानक खाली जातो, मी घाबरून पॉवर देतो, ती जरा जास्त होते आणि हुक डेकवरच्या, विमान अडवणाऱ्या चारही वायरींच्या पुढे जाऊन बोल्टर, म्हणजे न थांबता परत उड्डाण. कधीकधी पहिली वायर मिळते, ती तर अजून धोक्याची. तिसरी मिळायला हवी ना!

हा जहाजाच्या मागच्या हवेचा परिणाम की माझाच थ्रॉटल उशिरा हलतो? थ्रॉटलला कर्व्ह (हालचालीला किती प्रतिसाद मिळावा त्याची सेटिंग) लावावा का? मित्रांमध्ये ठरलंय, दिवसा सलग १० ट्रॅप (वायर पकडून झालेली लँडिंग) झाल्याशिवाय रात्रीचं लँडिंग नाही, आणि मला ते खरंच पूर्ण करायचंय. पुण्यात कोणी जाणकार असेल तर रविवारी माझा ट्रॅक (उड्डाणाचं रेकॉर्डिंग) बघून चुका सांगाल का प्लीज, मी येतो तुमच्याकडे.