मदत हवी आहे: शेतातल्या मोटरवर घेतलेली रीडिंग प्रात्यक्षिकाच्या गुणांत कशी बसवावीत?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी विद्युत शाखेला शिकवतो. आमचे महाविद्यालय स्वायत्त नसून विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे अभ्यासक्रम, प्रयोगांची यादी आणि बाह्य परीक्षक हे तिन्ही वरून येतात आणि आमच्या हातात केवळ अंतर्गत गुण उरतात. खालील अडचणीवर जाणकारांचा सल्ला हवा आहे.

गेल्या सत्रात त्रिफेज इंडक्शन मोटरच्या लोड टेस्टची (मोटरवर भार टाकून मोजमापे घेण्याच्या प्रयोगाची) जर्नले तपासत असताना सतरा जर्नलांत एकच रीडिंग सापडले, तेही अँपिअरच्या दुसऱ्या दशांशापर्यंत. मागील वर्षीचे जर्नल काढून पाहिले, तर मूळ तिथेच होते. रागावलो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमची मोटर दर साली जयते (जळते), पण ह्या जर्नलात तं कोणाचीच जयत नाही." त्याचे म्हणणे इतके खरे होते की मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या रविवारी त्याच्या शेतावर गेलो. पाच अश्वशक्तीची मोटर होती, म्हणजे पूर्ण भाराला साडेसात अँपिअरच्या आसपास प्रवाह अपेक्षित. पण डीपी (वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) लांब आणि त्यावर मोटरी अनेक, त्यामुळे 415 ऐवजी 330 व्होल्टच मिळत होते. टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो हे सूत्र मुलांना पाठ असते, परंतु या हिशेबाने मोटरचा टॉर्क जेमतेम 63 टक्क्यांवर येतो, स्लिप (वेगातील घट) व प्रवाह वाढतो आणि वाइंडिंग (आतील तारांची गुंडाळी) तापते, हे टाँग टेस्टरच्या (तारेभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजण्याच्या उपकरणाच्या) काट्यावर पाहिल्यावर त्या मुलाने वडिलांना स्वतः समजावून सांगितले. मोटर भरून आणण्याचा खर्च ज्या घरात दरवर्षी होतो, तिथे हा धडा विसरला जात नाही.

आता विभागासमोर प्रस्ताव ठेवायचा आहे: दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चार-चारच्या गटाने एका खऱ्या मोटरची मोजमापे घ्यावीत आणि एम. टेक.च्या विद्यार्थ्यांनी त्यांना मार्गदर्शन करावे. आमच्याकडे एम. टेक.ला मोजकेच विद्यार्थी असून बहुतेकांनी गेट ही प्रवेश परीक्षा दिलेली नाही, म्हणजे दरमहा 12,400 रुपयांचे विद्यावेतन नाही. ते नोकरी सांभाळून येतात आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रातील प्रबंध मॅटलॅब या संगणक प्रणालीतील सिम्युलेशनवर उरकतात. शेतातील मोजमापांची माहिती जर त्यांच्या प्रबंधालाच उपयोगी पडली, तर त्यांचाही वेळ वाया जाणार नाही, असे मला वाटते. (भारत 2014 साली वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) स्थायी सदस्य झाला, त्यानंतर आमच्याकडे निष्पत्तीचे, म्हणजे विद्यार्थी काय शिकले याचे, तक्ते एक्सेलमध्ये नेमाने भरले जातात, मोटर मात्र कोणी उघडून पाहत नाही.)

अडचणी अशा. बाह्य परीक्षक छापील यादीतील प्रयोगच पाहतात, म्हणून हे काम यादीतील लोड टेस्टच्या जागी धरता येईल का, की ते केवळ अंतर्गत गुणांपुरते ठेवावे? संलग्न महाविद्यालयात कोणी असे केले असल्यास, अभ्यास मंडळाची मंजुरी आधी घेतली होती का? प्रत्येक मोटरची रीडिंग वेगळी येणार, तेव्हा गुण देताना उत्तर न तपासता तर्क तपासावा लागेल. त्यासाठी तोंडी परीक्षेत कोणते प्रश्न विचारता?

सर्वांत मोठी काळजी सुरक्षेची आहे. टाँग टेस्टरला तार तोडावी लागत नाही, परंतु व्होल्टेज मोजण्यासाठी स्टार्टरचे झाकण उघडावेच लागते. पायाखाली ओली माती असते आणि बऱ्याच फिडरवर (वीजवाहिन्यांवर) कृषिपंपांची वीज काही दिवस रात्रीच येते. शिवाय वीज येताच मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून बहुतेकांनी ऑटो बसवलेला असतो. शिक्षक जागेवर असल्याशिवाय झाकण उघडायचे नाही आणि रात्री जायचे नाही, एवढे दोन नियम मी ठरवले आहेत. पालकांचे संमतिपत्र आणि विद्यार्थ्यांचा विमा यांबाबत आपल्याकडे काय पद्धत आहे?

ज्यांच्या घरी शेती नाही, अशा वसतिगृहातील मुलींना गावातील पाणीपुरवठ्याचा पंप द्यावा, असा विचार आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीला पत्र कोणत्या नमुन्यात लिहावे, हेही कळवावे. रब्बीचे ओलित दिवाळीनंतर जोर धरते आणि मोटरीही त्याच सुमारास जळू लागतात, तेव्हा उत्तरे त्याआधी मिळाल्यास विभागाच्या बैठकीत मांडता येतील.